सात धुऱ्यांचा धनी

हर्षदीप माझा चुलतभाऊ. त्याच्याबद्दल गावात दोन मतं आहेत असं कोणी तुम्हाला सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मत एकच आहे. काहीजण ते तोंडावर सांगतात आणि बाकीचे त्याच्या गाडीत बसून आदिलाबादला जातात, एवढाच फरक. मी तोंडावर सांगणाऱ्यांतली. तामसी मंडलातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, सावरडोह या आमच्या गावी मी मराठी शाळेत शिकवते. दिवसभर पोरांवर आवाज चढवून माझी जीभ खरखरीत झाली आहे, असं माझा नवरा म्हणतो. म्हणू दे. हर्षदीपची गोष्ट गुळगुळीत जिभेनं सांगण्यासारखी नाहीच.

तो वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मला ते सांगायची इच्छा राहणार नाही. लहानपणी माझ्या मागं मागं फिरायचा, माझीच जुनी पुस्तकं वाचून शिकला. बीएस्सी झाला, बीएड झाला आणि आदिलाबादच्या एका खाजगी शाळेत गणित शिकवायला लागला. पगार इतका की सांगायची लाज वाटावी, आणि तोही दोन-दोन महिने अडकलेला. त्याच्या शाळेतला ड्रॉइंगचा मास्तर फावल्या वेळात प्लॉट विकायचा. एका वर्षात त्यानं मोटरसायकल टाकून कार घेतली आणि हर्षदीपची झोप उडाली.

मग यानंही सुरुवात केली. रोज बसमध्ये कानात तारा घालून जमिनीच्या धंद्याचे व्हिडिओ ऐकायचा. मंचेरियलला एका हॉटेलात दिवसभराचं शिबिर होतं, तिथं फी भरून गेला. शिकवणारा माणूस हैदराबादचा, कानाला माइक लावलेला. त्यानं म्हणे सगळ्यांना उभं केलं आणि विचारलं, "आपके पास ऐसा क्या है जो दूसरे के पास नहीं? वो ढूंढो. वही तुम्हारी ताकत है." हर्षदीप परत आला तो थेट माझ्या ओट्यावर.

"ताई, माह्याकडं असं काय हाय जे दुसऱ्याकडं नाही?"

"नाक," मी म्हणाले. "दुसऱ्याच्या भानगडीत खुपसायला."

तो हसला नाही. तांदूळ निवडणाऱ्या माझ्या हातांकडं बघत बसून राहिला. त्याच्याकडं पैसा नव्हता, तहसीलमध्ये ओळख नव्हती, तेलुगू कामापुरती आणि हिंदी मोडकी. मोठ्या दलालांच्या पुढं हा म्हणजे पाचोळा. पण नव्या रस्त्याची बोलणी सुरू झाली होती, बाहेरचे लोक शेतं पाहत फिरू लागले होते, आणि आपल्याला काहीतरी सुचलंच पाहिजे या हट्टानं तो पेटला होता. आणि त्याला सुचलं. जे सुचलं ते कुठल्याच शिबिरात शिकवत नसतील, कारण ते फक्त आमच्या शिवारातल्या माणसालाच सुचू शकतं.

आमच्याकडं शेताच्या बांधाला धुरा म्हणतात आणि धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याला धुरेकरी. शेत विकायचं झालं तर आधी धुरेकऱ्याला विचारायचं, ही आमची जुनी रीत. ती कायद्यात नाही, तहसीलच्या कॉम्प्युटरमध्ये तर नाहीच नाही. विकणारा दिवे लागायच्या वेळी धुरेकऱ्याच्या घरी जातो, बसतो, चहा घेतो आणि म्हणतो, वावर काढून राह्यलो, तुले पायजे का? तो नको म्हणाला की विकणारा मोकळा. पण हो म्हणाला तर शेत त्याचं. मग घासाघीस नाही, शिवारात जो भाव चालू असेल तोच, आणि पैसे जमवायला एक महिना. त्या महिन्यात बाहेरच्यानं दुप्पट देतो म्हटलं तरी ऐकायचं नाही. पाटलांच्या काळात आमच्या बौद्ध लोकांना कोणी ही रीत लागू करत नसे, कारण आम्हाला शेतच नव्हतं. आमच्या आजोबांच्या पिढीनं मजुरी करून तुकडा तुकडा घेतला, तेव्हा कुठं मराठे-कुणबी शेतकरी आमच्या ओट्यावर चहाला बसू लागले. म्हणून आम्हाला या रितीचं जरा जास्तच अप्रूप.

सुधाकरराव नावाचे एक शेतकरी होते. भावाभावांत वाटण्या होऊन होऊन त्यांच्याकडं जमिनीची एक लांबलचक पट्टी उरली होती. रस्त्यापासून निघायची आणि आत पार नाल्यापर्यंत जायची. इतकी अरुंद की औत वळवायला जागा नाही. तिथं बाभळी उगवायच्या आणि आतल्या शेतांतले लोक बैलगाड्या न्यायचे. सुधाकररावांचा ती विकायचा विचार नव्हता, कारण ती कोणी घेईल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं; धुरेकऱ्यांनाही ती नको होती. हर्षदीपनं बायकोचे, म्हणजे रुपाचे, दागिने मोडले आणि ती पट्टी घेतली.

गावानं पोट धरून हसून घेतलं. मास्तरनं शेपूट घेतलं म्हणाले. पारावर कोणी बसलं असलं आणि हा दिसला की, "शेपटीत काय पेरलं मास्तर?" मीही हसले. रुपा मात्र रडली, आणि ते योग्यच होतं.

हसण्याच्या नादात एक गोष्ट कोणी मोजली नाही. त्या पट्टीला दोन्ही बाजूंनी मिळून सात शेतं लागत होती. हर्षदीप एका सहीत सात जणांचा धुरेकरी झाला होता.

त्या सातांतल्या पहिल्या माणसाला पोरीच्या लग्नासाठी शेत काढायचं होतं. हैदराबादच्या एका कंपनीचा माणूस त्याच्या मागं लागलाच होता. राजकुमार नाव त्याचं. शेतांचे तुकडे पाडून, हद्दीचे दगड रोवून प्लॉट टाकतात त्याला आमच्याकडं व्हेंचर म्हणतात, तसलं मोठं व्हेंचर टाकणारी ती कंपनी. पण विकणारा रितीप्रमाणं आधी हर्षदीपकडं आला, चहा प्यायला, विचारलं. हर्षदीप म्हणाला, पायजे. महिन्याची मुदत घेतली आणि दुसऱ्या दिवशी आदिलाबादला जाऊन राजकुमारला भेटला. शेत आता माझ्या शब्दात अडकलंय म्हणाला, हवं तर माझ्याकडून घ्या. राजकुमारनं वरचा भाव दिला. रजिस्ट्री सरळ शेतकऱ्याकडून कंपनीच्या नावानं झाली, शेतकऱ्याला शिवारातला भाव मिळाला आणि मधला फरक हर्षदीपच्या खिशात गेला. त्याचा स्वतःचा एक पैसा लागला नाही.

समजलं का तुम्हाला? मोठमोठे दलाल दारोदार फिरत होते आणि याच्या घरी शेतं चालत येत होती. सगळ्यांच्या आधी. शिवाय महिनाभर दुसऱ्या कोणाला न जाणारी. मला ते समजलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, आधी कौतुक वाटलं. आमच्या घरात एवढं डोकं कोणाला नव्हतं.

दोन वर्षांत सहा शेतं अशी गेली. हर्षदीपनं नोकरी सोडली, पांढरी कार घेतली, घराला टाइल्स बसवल्या. तसलेच व्हिडिओ बघणारी नवी पोरं आता त्याच्याकडं सल्ला मागायला यायला लागली. विकणाऱ्यांना कळत होतं की हा धुरेकरी म्हणून घेतो आणि दलाल म्हणून विकतो. पण तक्रार कशाची करणार? भाव मिळाला होता, शब्द पाळला होता. एकदा सुधाकरराव मला बसमध्ये म्हणाले, "बाई, त्यानं आपल्याले फसवलं नाही. पण काहीतरी फसलं हाय खरं."

धुरेकरी म्हणजे काय फक्त विचारून घेणारा असतो का? धुरेकरी आजारी पडला तर त्याच्या वावरात तण काढायला एक पाळी डवरा मारतात. बैल अडला तर आपला देतात. आणि पावसाळ्यात आतल्या माणसाला वाट देतात, ती कोणाच्या पट्ट्यावर, म्हणजे मालकीच्या कागदावर, आहे हे न बघता. आमची माती काळी आहे, एक सर आली की पाय गुडघ्यापर्यंत जातो. वाट बंद झाली की माणूस खुंटला. हर्षदीपनं त्या रितीतली घेण्याची बाजू तेवढी उचलली होती.

सातवं शेत मारोतीकाकाचं. नाल्याच्या कडेचं, सगळ्यांत आतलं आणि सगळ्यांत चांगलं. मारोतीकाका आणि पंचफुलाकाकू आमच्याच वस्तीतली, दोघंच राबायची. कापूस, कडेनं तूर, घरापुरती ज्वारी. त्यांची एकुलती एक पोरगी मैत्री बासरच्या विद्यापीठात शिकत होती आणि काका तिच्याबद्दल असा बोलायचा की जणू ती कलेक्टर होऊन परत आलीच आहे. त्याला कोणाचं देणं नव्हतं. शेत विकायचं काहीच कारण नव्हतं आणि त्याला ते माहीत होतं.

पण कंपनीला ते हवं होतं. ते नसलं तर व्हेंचरचा नाल्याकडचा भाग तुटत होता आणि आतला रस्ता पुढं निघत नव्हता. राजकुमार हर्षदीपच्या नव्या सोफ्यावर बसून माझ्यासमोर म्हणाला, "भाई, वो टुकडा नक्को छोडो. वो नै आया तो पूरा काम रुक जाता. तुम्हारा कमिशन भी उधरीच रुकता."

हर्षदीप मारोतीकाकाकडं गेला. हे उलटंच होतं, धुरेकरी स्वतः विचारायला जाणं. काकानं त्याला चहा पाजला, बोलणं पूर्ण ऐकून घेतलं.

"इकाचं राह्यलं असतं तं पयले तुलेच इचारलं असतं, हर्षा," काका म्हणाला. "पण मले इकाचंच नाही."

"काका, भाव दुप्पट देऊन राह्यले."

"देऊ दे. माह्या वावरात कापूस होते, त्याहिच्या वावरात नुसते दगड उभे हायेत. मी काय करू दुप्पट घेऊन, दगड खाऊ?"

पुन्हा गेला, पुन्हा तेच उत्तर. मग उन्हाळ्यात हर्षदीपनं पट्टीच्या तोंडाशी, रस्त्यावर, लोखंडी फाटक बसवलं. दोन्ही बाजूंनी सिमेंटचे खांब, काटेरी तार, फाटकाला साखळी आणि कुलूप. बाभळीची लाकडं चोरीला जातात म्हणाला. पट्टीला लागून असलेल्या विकल्या गेलेल्या शेतांभोवती कंपनीनं आधीच चर खणून ठेवले होते. आता मारोतीकाकाला आपल्या वावरात जायला एकच वाट उरली, नाल्यातून.

मी त्याच दिवशी हर्षदीपच्या घरी गेले.

"काऊन रे, लाज आहे का काही?"

"ताई, पट्टा माह्या नावावर हाय. कागदावर तिथं वाट नाही."

"कागदावर तर धुरा विचारायची रीतही नाही. तेव्हा बरं चाललं तुला."

त्याचा चेहरा उतरला, पण आवाज उतरला नाही. "मी का त्याले मारून राह्यलो का? वावर का नेऊन राह्यलो का? थोडी अडचण झाली की माणूस आपसूक तयार होते. असंच असते धंद्यात. दोन महिने थांब, तोच येईन."

मी त्याच्या घरचं पाणीही न पिता उठले. त्यानंतर मी रोज त्याला फोन करायचे, फाटकासाठी. कधी समजावून, बहुतेक वेळा शिव्या घालून. तो पहिल्यांदा ऐकायचा, मग ऐकेनासा झाला.

मारोतीकाकानं एक शब्द काढला नाही. सरकीच्या पिशव्या डोक्यावर घेऊन नाला ओलांडला, खत पाठीवर नेलं. मी म्हटलं, काका, तहसीलला अर्ज करू, मी लिहून देते. तो म्हणाला, "पोरगं हाय. उघडीन आपल्या मनानं. त्याच्या बापासंगं मी सालदारकी केली हाय, त्याच्यावर अर्ज करू का?" मला त्याचा राग आला. इतका चांगुलपणा काय कामाचा, असं वाटलं. अजूनही वाटतं.

भाद्रपदातली गोष्ट. कापसावर अळी पडली होती आणि सगळं शिवार फवारणीला लागलं होतं. सकाळी ऊन होतं, नाला घोट्याएवढा. काका-काकू फवारणीचा पंप घेऊन गेले. दुपारी वर कुठंतरी पाऊस झाला असेल, नाला भरून आला. त्याच सुमाराला काकाला औषध लागलं. वारं तोंडावर होतं, रुमाल घामानं ओला झालेला. आधी डोळ्यांपुढं अंधारी, मग उलट्या, मग तोंडातून फेस. काकू एकटी, नाला ओलांडणं शक्य नाही. ती पट्टीवरून चिखलात पडत-उठत फाटकापर्यंत पळत आली आणि तारेला धरून ओरडली. आमची शाळा रस्त्याच्या पलीकडंच आहे. मी धावले.

१०८ ला फोन लावला. मग हर्षदीपला लावला. त्यानं कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. नंतर कळलं, तो त्या वेळी तामसीला तहसील ऑफिसात रजिस्ट्रीसाठी रांगेत होता. माझं नाव बघितलं आणि वाटलं, ताई पुन्हा फाटकावरून भांडणार.

रस्त्यानं जाणाऱ्या दोन ऑटोवाल्यांनी दगडानं कुलूप फोडायचा प्रयत्न केला. कुलूप चांगलं होतं, महागातलं. शेवटी गावातून कुऱ्हाडी आणून तार तोडली. तोवर अँब्युलन्स येऊन उभी राहिली होती, पण तिला आत न्यायला वाट कुठं होती? उन्हाळ्यापासून गाडी गेली नव्हती, पट्टीवर बाभळी वाढल्या होत्या. माणसं बाज घेऊन आत गेली. येताना चिखलात दोनदा पडली. काकाला गाडीत घातलं तेव्हा तो माझ्याकडं बघत होता, पण मला ओळखत नव्हता.

आदिलाबादच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. आधी आणला असता तर वाचला असता का, हे डॉक्टरनं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. विचारून काय करणार होतो? पंचनामा झाला. त्यात फवारणी लिहिली, फाटक लिहिलं नाही.

हर्षदीप संध्याकाळी आला. तुटलेल्या तारेसमोर गाडी थांबवली आणि उतरला. मग त्यानं स्वतःच्या हातांनी फाटक बिजागऱ्यांतून उचकटायला सुरुवात केली. हात रक्तानं भरले. कोणी मदत केली नाही, कोणी अडवलंही नाही. मी शाळेच्या पायरीवरून बघत होते. खरं सांगते, तेव्हा मला वाटलं हे फाटक त्याच्या अंगावर पडावं.

मातीला तो आला. मागं उभा होता. मैत्री बासरहून आली होती, तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तो आला आणि वंदना संपायच्या आत निघून गेला. गावानं त्याला वाळीत टाकलं नाही, तेवढी हिंमत गावात नाही. लोक त्याच्याशी बोलायचे, पावसाबद्दल.

काकूनं आणि मैत्रीनं तो कापूस वेचला. दोघींनीच. मजूर लावले तर ते पट्टीवरून येता-जाता काकाबद्दल बोलतील, आणि काकूला ते ऐकायचं नव्हतं. संक्रांत झाल्यावर काकू माझ्याकडं आली. मैत्रीसंगं बासरला जाऊन राहायचं ठरवलं म्हणाली, तिथं एका मेसमध्ये पोळ्या लाटायचं काम मिळत होतं. इथं त्या वावरात पाय टाकवत नाही म्हणाली. पट्टा तिच्या नावावर चढला होता.

"वावर काढाचं हाय. तू चाल माह्यासंगं."

"कुठं?"

"हर्षाच्या घरी. धुरा इचारा लागन ना."

मला वाटलं दुःखानं हिचं डोकं फिरलं. मी नको नको ते बोलले. त्या नालायकाच्या दारात जाऊन चहा पिणार तू? काकूनं पदर सारखा केला आणि उठली. मग मला जावंच लागलं.

दिवेलागण झाली होती. हर्षदीप टीव्ही बघत होता, आम्हाला पाहून उभा राहिला आणि उभाच राहिला. रुपानं खुर्ची पुढं केली. काकू खुर्चीवर बसली नाही, टाइल्सवर बसली. रुपा चहा घेऊन आली. काकूनं बशीत ओतून तो शांतपणे संपवला, कप बाजूला ठेवला.

"मी वावर काढून राह्यली हर्षा. तू धुरेकरी. पयले तुले इचारते. पायजे का?"

हर्षदीप खाली बसला. तिच्या पायांकडं हात नेला, तिनं पाय मागं घेतले.

"काकू, मले नको. मले नको इचारू."

"नको म्हणशीन तं नीट इचार करून म्हण. बाकीचे धुरे कंपनीचे झाले. उरला तू एकटा. तू नाही म्हणला तं मी कोणाले इचारू? कंपनीच्या घरी जाऊन कोठं च्या पिऊ?"

मला हर्षदीपकडं बघवत नव्हतं आणि नजरही हलवता येत नव्हती. नको म्हटलं तर शेत कंपनीला जाणार होतं, म्हणजे ज्याच्यासाठी त्यानं फाटक बसवलं तेच होणार होतं. हो म्हटलं तरी तेच, आजवर झालं तसं.

"घेतो," तो शेवटी म्हणाला. रडत होता. "माह्या नावावर घेतो. कापूसच लावतो, काकू. दगड नाही लावू देत. अन् भाव दुप्पट देतो."

"नाही."

"काकू, घे ना. मैत्रीच्या कामात येईन."

"शिवारात चालू हाय तोच भाव घेईन मी. वर एक रुपया देशीन तं लोक म्हणतीन, पंचफुलानं मारोती इकला."

तिनं हे ओरडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ती बाजारात ज्वारीचा भाव सांगावा तशी बोलली. मग महिन्याची मुदत देऊन उठली.

तो महिना हर्षदीप वेड्यासारखा फिरला. त्याला खरंच ते शेत ठेवायचं होतं, एवढं मी त्याच्या बाजूनं सांगते. पण पैसे? आजवर त्यानं एकही शेत स्वतःच्या पैशानं घेतलं नव्हतं, तीच तर त्याची हुशारी होती. बँकेनं नोकरी विचारली, ती त्यानं सोडलेली. नातेवाइकांनी फोन उचलले नाहीत. सल्ला मागायला येणारी पोरं यायची थांबली होती.

"गाडी विक," मी म्हणाले. "पट्टी विक."

"गाडी कर्जावर हाय. पट्टी तं मागंच कंपनीले देल्ली, बयाना घेऊन, नुसती रजिस्ट्री बाकी हाय. घराले टाइल्स कशाच्या बसवल्या मंग?"

म्हणजे तो धुरेकरीही राहिला नव्हता. त्यानं हे काकूला सांगितलं नव्हतं. आणि सांगायचं तरी कुठल्या तोंडानं? मी माझी अंगठी आणि बांगड्या काढून त्याच्यापुढं ठेवल्या, सगळं मिळून एका कोपऱ्याचेही पैसे होत नव्हते. त्यानं त्या माझ्याकडं परत सरकवल्या.

मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात राजकुमारची गाडी त्याच्या दारात दिसली. मला कळायचं ते कळलं.

रजिस्ट्रीच्या दिवशी मी काकूबरोबर तामसीच्या तहसील ऑफिसात गेले. कॉम्प्युटरवाल्या पोरानं तेलुगूत नावं वाचली, विकणारीचं आणि घेणाऱ्याचं. आयुष्यभर आदिलाबादच्या बाजारात कापूस विकलेल्या बाईला तेवढं तेलुगू कळतं. घेणाऱ्याच्या जागी त्यानं कंपनीचं नाव वाचलं. काकूनं हळूच मान वळवली. हर्षदीप भिंतीला टेकून उभा होता, राजकुमारच्या शेजारी, आणि त्यानं डोळे मिटून घेतले होते.

मी ओरडणार होते. काकूनं माझ्या मनगटावर हात ठेवला. मग तोच हात मशीनवर ठेवून अंगठा दिला, कॅमेऱ्याकडं बघितलं, बँकेचा चेक पदराच्या गाठीत बांधला आणि उठली. बाहेर हर्षदीप गाडीचं दार उघडून उभा होता. ती त्याच्या बाजूनं निघून गेली, दगडाच्या बाजूनं जावं तशी.

आम्ही बसनं परतलो. मी सगळी वाट त्याला शिव्या घालत होते, मोठ्यानं, पुढचे लोक वळून बघत होते. त्याच्या बुद्धीला, त्याच्या गाडीला, त्याच्या त्या मंचेरियलच्या शिबिराला. गाव जवळ आल्यावर काकू म्हणाली, "राहू दे, शुभांगी. मी त्याले इचारलं व्हतं. माह्याकडचं झालं."